वरचं बटण

मृदुला मगदूमने निनादच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि निनाद कमी झाला.

वाचताना हे जादूसारखं वाटेल. जादू वगैरे काही नव्हती, सराव होता. क्षणापूर्वी हाच माणूस गॅसपाशी उभा राहून पोहे परतत होता आणि "ताई, मीठ झालं, लिंबू राहिलं" असं बजावत होता. बटण लागलं तशी त्याची मान खाली गेली, ओठ सैल पडले, हात मांड्यांशी लोंबत राहिले. आता त्याला कुणी नाव विचारलं असतं तरी तो बोलला नसता. पस्तिशी ओलांडलेला, खांद्याने रुंद, डोक्यावरचे केस विरळ होत चाललेला माणूस. पण बघणाऱ्याला वाटावं, याला घास भरवावा लागत असेल.

हे त्याला आईने शिकवलं होतं. निनाद लहान असताना ती त्याला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या व्हरांड्यातल्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईने तिला शहाणपण सांगितलं होतं, "पोरगं चुणचुणीत दिसलं की टक्के उतरतात बघा. टक्के उतरले की सवलती गेल्या." निनादची बुद्धी वयाच्या मागे होती, पण पोरगं चुणचुणीत होतं, आणि तीच पंचाईत होती. घरी येऊन आईने त्याला धडे दिले. बटण लावलं की गप्प. बटण लावलं की काही येत नाही. तिने मारून शिकवलं नाही, बेसनाचा लाडू देऊन शिकवलं. त्या रांगेत उभं राहणाऱ्या बहुतेक घरांत असंच काहीतरी चालायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आई गेल्यावर घराच्या किल्ल्या मृदुलाकडे आल्या, त्याबरोबर हे बटणही आलं.

मृदुलाचं सांगलीत शिवणाचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे. निनादसाठी तिने लग्न केलं नाही, असं गल्लीत सगळे म्हणत. तीही म्हणत असे. गणेश मंडळाने तिला 'आदर्श भगिनी' म्हणून शाल-श्रीफळ दिलं होतं. नारळाची बर्फी झाली, शाल कपाटात राहिली. आपल्याकडे त्यागाला मोठा मान आहे. त्याग कुणी केला एवढं लोक विचारतात, कुणाच्या जिवावर केला हे विचारायची पद्धत नाही.

त्या दिवशी बटण लावायचं कारण मात्र दाखला नव्हता. टक्क्यांचे दाखले सरकारने बंद करून टाकले होते. त्याऐवजी 'समग्र मूल्यांकन' आलं होतं, आणि पालकांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल एकच बातमी फिरत होती. जे स्वतःचं स्वतः करू शकतात असं दिसेल, त्यांना सोबतघरात नेणार. सोबतघर म्हणजे चौघापाचांनी मिळून राहायचं घर. प्रत्येकाला आपली खोली, आपलं काम, मदतीला एक माणूस. ज्यांना काहीच येत नाही, ते आपापल्या घरी राहणार.

मृदुलाने वरचं बटण लावलं, कारण निनाद गेला तर त्या घरात ती एकटी उरणार होती. तिने स्वतःला सांगितलं ते वेगळंच होतं. तिथे त्याचे हाल होतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

मूल्यांकन बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात होतं. तिथे खोल्या, टेबलं, कोडी असलं काही नव्हतं. एक मैदान होतं, कडेला उघडं स्वयंपाकघर आणि कडुलिंबाच्या झाडांखाली खाटा. आठवडाभर रोज यायचं, खेळायचं, चालायचं, रांधायचं, दमल्यावर झोपायचं. मूल्यांकन करणाऱ्या यास्मिन तांबोळी मिरजेच्या. शरीराच्या हालचालींचा अभ्यास करून त्या डॉक्टर झाल्या होत्या. पायात कॅनव्हासचे बूट आणि बोटांत शिट्टी असलेल्या डॉक्टर मृदुलाने पहिल्यांदाच पाहिल्या.

"आधी काय करायचो आपण," यास्मिन म्हणाल्या, "अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर बसवून याला ठोकळे लावायला सांगायचो. नाही लावले की येत नाही. तुम्हाला-मला असं बसवलं तर आपल्याला तरी काय येईल? ज्यांच्याकडे शब्द थोडे आहेत त्यांचं अंग बोलतं. म्हणून आम्ही अख्खा माणूस बघतो. धावतो कसा, दमतो कधी, कुणाच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कशाने हसतो."

बोलता बोलता त्यांनी निनादच्या गळ्यावर, खांद्यांवर, दंडांवर, मनगटांवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर पातळ पारदर्शक चकत्या चिकटवल्या. सगळे त्यांना टिकल्याच म्हणत.

त्या टिकल्यांचं शास्त्र साधं आहे. आपण हात उचलतो तेव्हा हात हलण्याआधी स्नायूत विजेची एक बारीक लहर उठते. समजा, हात उचलायचं मनात आलं आणि मध्येच आपण विचार बदलला, तर पहिली लहर मोडून टाकण्यासाठी विरुद्ध बाजूच्या स्नायूत दुसरी लहर उठते. बाहेरून काहीच दिसत नाही, हात जागच्या जागी असतो. पण आत चढाईही झालेली असते आणि माघारही. पूर्वी हे पकडायला प्रयोगशाळा लागायची. आता टिकल्या ते उन्हातान्हात, पळतापळता पकडत. केलेली हालचाल पडद्यावर हिरवी दिसे. जिथे लहर उठलीच नाही, ती जागा करडी राही. आणि उठवून आवरलेली हालचाल निळी दिसे.

ही युक्ती निघाली तेव्हा थोडा हलकल्लोळ झाला होता. नोकरीच्या मुलाखतींत टिकल्या लावायला लागले. मुलगी बघायला आलेल्या एका मंडळींनी मुलीच्या दंडावर टिकली लावायचा हट्ट धरला, तेव्हा मुलीच्या आजीने आधी तुमच्या मुलाच्या लावा म्हणून त्यांना वाटेला लावलं. शेवटी कायदा झाला. ज्यांना स्वतःबद्दल सांगता येत नाही त्यांच्या भल्यासाठीच फक्त टिकल्या वापरायच्या, असं ठरलं. येत नाही आणि करत नाही, यांतला फरक पहिल्यांदाच डोळ्यांना दिसायला लागला होता.

"आता तुम्ही," म्हणून यास्मिनने मृदुलाच्या कानामागे एक आणि गळ्यावर एक टिकली लावली.

"मला कशाला?"

"माणूस एकटा असतो का ताई? त्याच्या भोवतीचे लोक त्याच्या अंगात असतात. म्हणून सोबत आलेल्यांचंही घ्यायचं. घाबरू नका, तुम्ही म्हटल्याशिवाय तुमचं मी उघडत नाही. तसा नियमच आहे."

मृदुलाने मान डोलावली. तिला त्या शास्त्रातलं फारसं कळलं नव्हतं. पडद्यावर रंग दिसतात एवढं कळलं, आणि रंगांचा तिने धसका घेतला नाही.

मग लगोरी मांडली. सात ठिकऱ्यांची चळत, कापडी चेंडू, दोन बाजू. लगोरीत नेम लागतो, पळावं लागतं, कुठली ठिकरी खाली आणि कुठली वर हे बघून रचावी लागते, आणि हे सगळं पाठीत चेंडू बसायच्या आत. एखाद्याचं सगळं अंग आणि सगळं मन एकदम बघायचं तर याहून चांगला खेळ नाही, असं यास्मिनचं मत होतं. निनादला लगोरी जिवापाड आवडायची. तो जिथे मेणबत्त्या करायला जाई, त्या कार्यशाळेतले आवटीसर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन खेळत.

पण वरचं बटण लागलेलं होतं. चेंडू त्याच्या पायाशी आला आणि थांबला. बाकीचे ओरडले. निनाद जमिनीकडे बघत उभा राहिला. दुसऱ्यांदा चेंडू छातीवर आपटून खाली पडला, तरी त्याने हात वर केले नाहीत. मृदुला बाकावर बसून बघत होती. शहाणं पोर, असं तिच्या मनात आलं.

डाव संपल्यावर यास्मिनने तिला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातातल्या पडद्यावर माणसाची एक आकृती होती, आणि ती खांद्यापासून पावलापर्यंत निळी होती.

"इतकं निळं मी आजवर बघितलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "करडं कुठेच नाही ताई. म्हणजे त्याला येतंय, सगळं येतंय. चेंडू आला त्या प्रत्येक वेळी हात निघाला होता. त्याने तो ओढून धरला. दिवसभर एवढं आवरून धरायचं म्हणजे कल्पना करा, काय कष्ट होत असतील. असं थोडंफार निळं मी खूप मार खाल्लेल्या माणसांत बघितलंय." त्या थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका, पण विचारावं लागतं. त्याला कुणाची दहशत आहे का?"

सांगायला तिला दोन शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत तिच्याबद्दलची कणव होती, आणि ती पुसली जाईल या विचाराने मृदुलाने ते शब्द गिळले.

"घरी तर मी एकटीच," ती म्हणाली. "कार्यशाळेत एक सर आहेत. आवाज फार मोठा आहे त्यांचा."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आवटीसरांचा आवाज खरंच मोठा होता.

यास्मिनने ते कार्यशाळेच्या संस्थेला कळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आवटीसरांना तिथे यायला मनाई झाली. चौकशी होईपर्यंत फक्त, असं संस्थेने सांगितलं. पण चौकशी होण्याआधी ग्रुपवर निकाल लागला. एका आईला आठवलं, की सरांनी एकदा तिच्या मुलाचा दंड घट्ट धरला होता. तो मुलगा रस्त्यावर धावत निघाला होता, हे तिला आठवलं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं, मला तर आधीपासूनच शंका होती. मृदुलाने काही लिहिलं नाही. ती वाचत होती आणि मशीनवर ब्लाउजची बाही तिरकी शिवत होती. ती तिने उसवली आणि पुन्हा तिरकीच शिवली.

"सर?" निनाद ताटावर बसल्या बसल्या विचारायचा.

"सुट्टीवर आहेत."

"सर कधी?"

"जेव निनू."

तो जेवायचा नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता. झोपेतही या पोराच्या तोंडी सर असतात. रात्रंदिवस मी केलं, आणि नाव त्यांचं.

आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, मैदानावर निघायच्या आधी, आवटीसर दुकानाच्या पायरीशी आले. धिप्पाड माणूस, निवृत्त क्रीडाशिक्षक. पण चपला काढून ते असे अंग चोरून उभे राहिले, की मृदुलाला आधी कुणी गिऱ्हाइकच वाटलं. त्यांच्या हातात लगोरीचा कापडी चेंडू होता.

"आत येत नाही मगदूमबाई," ते म्हणाले. तो प्रसिद्ध आवाज त्यांनी इतका खाली ओढला होता की नीट ऐकू येईना. "माझ्यामुळं पोरगं भितंय म्हणतात. मी लई विचार केला. मुद्दाम कधी ओरडलो नाही ओ. पण आवाजच असला, आपल्याला काय कळतंय समोरच्याला काय वाटतं ते. काही झालं असेल तर तुम्ही सांगा. मी त्याची माफी मागतो. आणि हा चेंडू त्याचा. त्याचा आवडता होता, म्हणून आणला."

मृदुला उभी राहिली. बोलावं, आत्ताच बोलावं, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात आतून पावलं वाजली. "सर!" करत निनाद पडदा सारून धावत बाहेर आला, आणि मृदुलाचा हात पुढे गेला. तिने ठरवून केलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ठरवून केलं नाही म्हणणंही तितकं खरं नाही. तिच्या शिवणाऱ्या सराईत बोटांनी निनादच्या गळ्याशी जाऊन वरचं बटण लावून टाकलं.

निनाद जागच्या जागी थांबला. हसू गेलं, मान खाली गेली. पुढे केलेले हात मांड्यांवर येऊन पडले.

आवटीसरांनी ते पाहिलं. त्यांना बटण दिसलं नाही. आपल्याला बघून पोरगं विझलं, एवढंच दिसलं. त्यांनी चेंडू पायरीवर ठेवला, चपला उलट्यासुलट्या पायात सरकवल्या आणि "बरोबर आहे तुमचं" असं काहीतरी पुटपुटत गेले.

मृदुलाने बटण काढलं. निनादने चेंडू उचलला, पण तो रस्त्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, धरणी दुभंगावी. धरणी अशा कामासाठी दुभंगत नाही. समोरच्या वाण्याने दुकान उघडलं, आणि मृदुला निनादला घेऊन रिक्षात बसली. मैदान जवळ आलं तसं तिने बटण पुन्हा लावलं. कारण आता न लावावं, तर आधीचे सगळे दिवस खोटे ठरत होते. एका खोट्याला दुसरं टेकू देतं म्हणतात, ते हेच.

शेवटच्या दिवशी यास्मिनने आवटीसरांना मैदानावर बोलावलं होतं. आरोप आहे तर समोरासमोर बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. सर ज्याला भीती घालतात, त्याचं निळं सर आल्यावर वाढायला हवं.

सर फाटकाशीच उभे राहिले. जवळ या म्हटलं तर नको म्हणाले. मैदानात लगोरी चालू होती आणि निनाद मधोमध खांबासारखा उभा होता. यास्मिनने पडदा बघितला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आधीही निळंच होतं," त्या म्हणाल्या. "पण सरांना बघितल्याबरोबर उसळलंय. पाय, हात, गळा, सगळीकडून." त्यांनी नि:श्वास टाकला. "वाढलं असंच म्हणावं लागेल मला."

मृदुलाला पडद्याकडे बघायची गरज नव्हती. निनादला सरांकडे धावायचं होतं. फाटकापर्यंत जायला त्याचं सगळं अंग निघालं होतं, आणि ते सगळं अंग तो ताईसाठी ओढून धरत होता. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण याला ओढतोय. निनादला आयुष्यात एकच नोकरी मिळाली होती, काही येत नसल्याची. ती त्याने एक दिवसही न चुकवता केली होती. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

फाटकाशी आवटीसर पाठ फिरवून निघाले होते.

"मॅडम," मृदुला म्हणाली. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी गळ्यावरच्या टिकलीवर बोट ठेवून म्हणाली, "माझं उघडा. पहिल्या दिवसाचं."

यास्मिनने तिच्याकडे बघितलं. मग पडद्यावरून बोट फिरवलं. मृदुलाची आकृती आली. दोन टिकल्यांपुरती रंगलेली, हिरवी. फक्त गळ्याशी, दहशत कुणाची आहे हे विचारलं त्या क्षणाला, गडद निळा डाग होता.

"काहीतरी बोलायला निघाला होतात तुम्ही," यास्मिन म्हणाल्या. "गिळलंत. काय गिळलंत ते यंत्राला कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल."

मग मृदुलाने सांगितलं. व्हरांड्यातल्या रांगेपासून नाही, ते सांगत बसायला तोंड नव्हतं. तिने एवढंच सांगितलं, की वरचं बटण लावलं की तो थांबतो. आम्ही थांबवलाय त्याला. सरांनी काही केलेलं नाही. हे तिने मोठ्याने सांगितलं, म्हणजे सरांना फाटकापर्यंत ऐकू जावं. त्यामुळे ते बाकीच्या पालकांनीही ऐकलं. मग ती मैदानात गेली आणि सगळ्यांसमोर भावाचं बटण काढलं.

निनाद आधी हललाच नाही. त्याने डॉक्टर कुठे आहे ते बघितलं. यास्मिन तिथेच होत्या, बघत होत्या. डॉक्टर बघत असताना बटण निघालं, असं आजवर झालं नव्हतं, त्यामुळे तो बुचकळ्यात पडला. मग त्याला फाटकातून परत वळलेले सर दिसले आणि तो सुटला. मधली लगोरी त्याच्या पायाने उधळली. सरांनी त्याला धरलं तेव्हा ते स्वतःच दोन पावलं मागे गेले.

यास्मिनच्या हातातला पडदा हिरवागार झाला होता. तो कुणी बघितला नाही.

निनादचा हात धरून आवटीसर मृदुलापाशी आले. "बटण होय," ते म्हणाले. "रोज सकाळी कार्यशाळेत यायचा तेव्हा गळ्याशी आवळलेलं असलं तर मीच काढायचो. म्हटलं, पोराला उकडत असेल." मग म्हणाले, "सगळं ऐकलं बाई. पण एवढं सांगा, नाव माझंच का आलं तोंडात?"

खोटं सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"तो झोपेत तुमचं नाव घेतो म्हणून," ती म्हणाली.

सरांनी माफ केलं नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार होती? ती तिथेच उभी राहून पदराने डोळे पुसायला लागली, आणि निनादने ते पाहिलं.

ताई रडते आहे. बटण उघडं असताना आपण पळालो, म्हणून ताई रडते आहे. त्याने सरांच्या हातातून हात सोडवला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि स्वतःचे दोन्ही हात गळ्याशी नेले. सदऱ्याला बटणं लावता येत नाहीत, असं त्याच्याबद्दल दरवेळी दाखल्यावर लिहिलं जायचं. मृदुलाच सांगायची तसं. त्याने सावकाश, जीभ दातांत धरून, वरचं बटण काजात घातलं.

"ताई, चुकलं," तो म्हणाला. "आता नीट करतो."

आणि मान खाली घातली.

कुणी त्याला न्यायला आलं नाही. ती ग्रुपवरची बातमी खोटी निघाली. यास्मिनने निनादला विचारलं, एकदा नाही, बऱ्याच वेळा विचारलं, चित्रं दाखवून, सोबतघरात चार दिवस राहायला लावून विचारलं. दरवेळी तो एकच म्हणाला. सोबतघर. आणि ताई रविवारी. आवटीसर पुन्हा कामावर रुजू झाले. संध्याकाळी ते सोबतघराच्या अंगणात लगोरी घेतात. त्यांचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला आहे, पण बटणाचा प्रसंग निघाला की ते विषय बदलतात.

गणेश मंडळाची शाल मृदुलाने मंडळाच्या अध्यक्षांकडे नेऊन दिली. परत केलेलं घेता येत नाही, असं सांगून त्यांनी ती परत पाठवली. ती अजून कपाटातच आहे.

निनादचे सदरे मात्र तीच शिवते. आता ती त्यांना कॉलर लावत नाही, गळा गोल ठेवते, आणि छातीपासून वर बटण ठेवत नाही. पहिल्या रविवारी ती तसला सदरा त्याला घालून आली होती. दुसऱ्या रविवारी ती सोबतघरी पोचली तेव्हा अंगणात डाव रंगात होता. निनाद चेंडू चुकवत, ओरडत पळत होता. त्याला असं पळताना तिने कधी बघितलं नव्हतं. ती फाटकातून आत शिरली आणि त्याची नजर तिच्याकडे गेली.

त्याचा हात गळ्याकडे गेला. तिथे बटण नव्हतं. बोटं गोल गळ्यावरून चाचपत राहिली, आणि मान खाली गेली.

तेव्हापासून ती रविवारी आली की कुंपणाच्या मेंदीआड उभी राहून डाव संपायची वाट बघते. डाव संपला, सगळे हातपाय धुऊन चहाला बसले, की आत जाते. तरी त्याचा हात जातोच. खाऊचा डबा उघडला की मग हळूहळू खाली येतो.

परवाच्या रविवारी आवटीसरांनी तिला मेंदीआड बघितलं.

"चोरासारखं काय उभ्या राहता," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात प्रेम नव्हतं, पण फाटक त्यांनीच उघडलं. "या आत."

ती आत गेली. निनादने बघितलं, चेंडू त्याच्या हातात होता. चेंडू खाली पडला आणि हात वर गेला. सगळे खेळायचे थांबले. काही बोलून उपयोग नव्हता, हे मृदुलाला माहीत होतं. आज काही नाही रे, तू खेळ, हे तिने आधी दहादा सांगून झालं होतं. बटण लावताना ती कधी काही बोलली नव्हती, मग काढताना शब्द कुठून पुरे पडणार?

तिने पिशवी खाली ठेवली. त्याच्याकडे पाठ केली आणि तिथेच अंगणात, कुंपणाकडे तोंड करून, मातीत बसली. आता ताई त्याच्याकडे बघत नव्हती.

बराच वेळ मागे काहीच झालं नाही. मेंदीवरून एक सरडा सरसरत गेला. तिची मान अवघडली, तरी तिने वळून बघितलं नाही. वळून बघायला तिचं सगळं अंग निघालं होतं. टिकल्या असत्या तर ती आत्ता नखशिखांत निळी दिसली असती. ती तशीच बसून राहिली.

मग मागे कुणाची तरी पावलं पळाली. ठिकऱ्या फुटल्याचा आवाज झाला. सर गरजले, धर, धर त्याला. ठिकरीवर ठिकरी चढल्याचे आवाज आले. आणि मग निनादचा आवाज आला, दम लागलेला, फाटलेला, मोठा.

"लगोरी!"

मृदुलाने डोळे मिटून घेतले. तिने अजूनही वळून बघितलं नाही.